अठरा किलो वाळू

वाळू धुणे हे वाटते तितके सोपे काम नाही. बादलीत चार तांबे वाळू घ्यायची, पाणी सोडायचे, हाताने तळापासून ढवळायचे आणि गढूळ पाणी वरच्या वर ओतून द्यायचे. पहिल्या तीन-चार पाण्यांना चहाचा रंग येतो, पुढच्यांना ताकाचा. दहाव्या-अकराव्या पाण्याला बादलीचा तळ दिसू लागतो आणि तेव्हा पहिल्यांदा वाळूचा खरा रंग कळतो. माझी वाळू फिकट तपकिरी निघाली, मधूनच अभ्रकाची चमक असलेली. अठरा किलो वाळू धुवायला मला दोन सकाळी लागल्या. सॉल्ट लेकमधल्या आमच्या घराची मागची मोरी त्यात तुंबली. ती मोकळी करण्याचा खर्च धरला तर माझी स्वस्त वाळू तिथेच स्वस्त राहिली नव्हती. पण मला लिहायचे आहे ते वेगळ्या हिशेबाबद्दल.

निवृत्त झाल्यावर मी घरात काचेची टाकी ठेवली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. साधारण सत्तर लिटर पाण्याची. मला मासे गौण होते, पाण्यातली झाडे हवी होती. अशा टाकीत झाडे लावायची तर तळाशी काहीतरी पसरावे लागते. या छंदातले लोक त्याला सबस्ट्रेट म्हणतात, मी तळ म्हणते. बागबाजारला कालव्याच्या कडेला गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी पशुपक्ष्यांचा आणि माशांचा बाजार भरतो, तिथे मी चौकशीला गेले. जवळच मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. 1742 साली आपल्या बारगीरांच्या भीतीने कलकत्त्याच्या लोकांनी जो खंदक खणायला घेतला, त्याची आता एवढीच निशाणी. मराठी माणसाने तिथून जाताना किंचित मान खाली घालावी असे मला नेहमी वाटते, आणि किंचित हसूही येते, कारण खंदक पुरा खणून व्हायच्या आतच लोकांचा उत्साह संपला होता.

बाजारात मला एका दुकानदाराने जपानी मातीची पिशवी दाखवली. नऊ लिटरची पिशवी, किंमत साडेतीन हजारांच्या वर. भाजून गोळ्या केलेली काळी माती. तिच्यात झाडांचे अन्न असते, ती पाणी मऊ करते, मुळांना हवा मिळते. निसर्गचित्रासारख्या टाक्या मांडण्याची रीत ज्यांनी जगभर नेली त्या ताकाशी आमानो यांच्या कंपनीची. आमानो 2015 साली गेले. त्यांच्या टाक्यांची छायाचित्रे पाहिली की आपण पाण्याखालचे डोंगर पाहतो आहोत असे वाटते. मी पिशवी हातात घेतली, वजन केले आणि खाली ठेवली. निवृत्तिवेतनावर माती विकत घेणे मला जमेना. दोन नद्यांच्या काठी आयुष्य काढलेल्या बाईने तर नाहीच नाही.

माझा जन्म पंढरपूरचा. आमच्याकडे वाळवंट म्हणजे उंटांचे नव्हे. वाळवंट म्हणजे चंद्रभागेचे पात्र, देवळातून उतरून घाटाच्या पायऱ्या संपल्या की सुरू होणारे. आषाढीला तिथे कीर्तने उभी राहत, एरवी आम्ही पोरे खेळत असू. दुपारी पाय भाजत आणि चार बोटे उकरले की थंड ओल लागे. वाळू कुणाच्या मालकीची असते हे मला पंधरा-सोळा वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हते. पाण्यासारखी, उन्हासारखी ती तिथे होती.

तर आमच्या गल्लीत एक इमारत चढत होती आणि फुटपाथवर वाळूचा ढीग होता. रात्रीच्या रखवालदाराला मी विचारले, एक पोते देता का? तो म्हणाला, ‘मासिमा, ही कंत्राटदाराची.’ मी म्हणाले, ‘इतक्या ढिगातून एका पोत्याने काय होतंय?’ आणि त्याच्या हातावर चाळीस रुपये ठेवले. त्याने इकडेतिकडे पाहिले, अर्धे पोते भरले आणि स्वतःच घरापर्यंत आणून दिले. पायऱ्याही चढला. मला फार बरे वाटले. साडेतीन हजारांचे काम चाळीस रुपयांत झाले होते.

हे स्थापत्य अभियंता. चाळीस वर्षे याच शहरात इमारती उभ्या केलेल्या. यांनी वाळू पाहिली, चिमटीत घेऊन चोळली, हॉर्लिक्सच्या बाटलीत थोडी घालून मिठाच्या पाण्यात हलवून ठेवली. सकाळी वाळूवर गाळाचा थर बोटभरही नव्हता. ‘माल चांगला आहे, प्लास्टरला चालेल,’ असा निर्वाळा दिला. मग मी त्यातल्या चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहिले. बुडबुडे आले असते तर चुनखडी आहे, पाणी जड होणार. बुडबुडे आले नाहीत. अडीच इंचांचा थर बसला.

वाळूबद्दल या छंदातल्या पुस्तकांत लिहिलेले असते की ती निष्क्रिय आहे. ती झाडाला काही देत नाही आणि त्याच्याकडून काही घेत नाही. अन्न वरून द्यावे लागते, खताच्या गोळ्या मुळाशी खुपसाव्या लागतात. डायना वॉल्स्टॅड नावाच्या अमेरिकन बाईंनी 1999 साली एक पुस्तक लिहून दुसरा मार्ग दाखवला: खाली इंचभर साधी बागेची माती, वर वाळूचे किंवा खडीचे पांघरूण. मी तोच धरला. आमच्याच कुंड्यांमधली माती घेतली. तरी ‘निष्क्रिय’ हा शब्द मला पटलेला नाही. या शहराला गेली दीडशे वर्षे पाणी पाजणाऱ्या पलत्याच्या जलकेंद्रात हुगळीचे पाणी वाळूच्या थरांतून हळूहळू झिरपवत आले आहेत. नवी कोरी वाळू हे काम नीट करीत नाही. काही दिवसांनी वरच्या कणांवर जिवाणूंचे बुळबुळीत पांघरूण धरते आणि ते पाणी स्वच्छ करते. माझ्या टाकीतही महिन्याभरात तेच झाले. वाळू स्वतः काही करीत नाही, पण तिच्या अंगावर फार काही घडते. पहिले तीन आठवडे पाणी दुधाळ होते, मग एका सकाळी ते असे निवळले की टाकीत पाणी आहे की नाही हे बोट बुडवून पाहावे लागले. व्हॅलिसनेरियाच्या रिबिनीसारख्या पानांनी वाळूखालून धुमारे सोडले; एकाची सात झाडे झाली. खोलशे नावाचे इथलेच पट्टेरी मासे आणले, आणि वाळूत अंग पुरून फक्त डोळे बाहेर ठेवणारे तीन गुंते.

याच सुमारास रखवालदाराशी बोलणे वाढले. संध्याकाळी मी त्याला चहा देई. तो मुर्शिदाबाद जिल्ह्यातला, शमशेरगंजच्या बाजूचा. त्याचे घर गंगेत गेले होते. पुरात नव्हे. पूर येतो आणि जातो. तिकडे नदी काठच खाते. रात्री मोठ्ठा आवाज होतो, सकाळी आंब्याचे झाड नसते. मग गोठा नसतो. लोक घराच्या विटा स्वतःच काढून घेऊन मागे सरकतात, कारण विटा तरी वाचाव्यात. वर फराक्काचा बांध आहे, 1975 सालापासूनचा. हुगळीत पाणी वळवून कलकत्ता बंदरातला गाळ ढकलण्यासाठी तो बांधला गेला. काठ त्याआधीही ढासळत होते, पण बांधानंतर नदी जास्त खवळली असे तिथली माणसे सांगतात, आणि या माणसानेही तेच सांगितले. नदीने घर नेलेला माणूस नदीच्या वाळूची राखण करतो, असे एक वाक्य इथे जुळवून टाकण्याचा मोह मला आवरला पाहिजे. तो असे काही म्हणाला नाही. तो म्हणाला की रात्री वाळूवर कुत्री झोपतात, त्यांना हाकलावे लागते, आणि कंत्राटदार सकाळी ढिगावरच्या खुणा पाहतो.

ढिगावरच्या खुणा! संध्याकाळी ढीग सारखा करून फावड्याने त्यावर रेघा मारून ठेवायच्या. सकाळी रेघा मोडलेल्या दिसल्या की पगारातून पैसे कापायचे. म्हणजे माझ्या पोत्याचे काय झाले, असे मी विचारले. तो हसला. ‘कापले, मासिमा. दोनशे.’ मी आत जाऊन दोनशे रुपये आणले तर त्याने घेतले नाहीत. ‘तुम्ही रोज चहा देता,’ म्हणाला.

ही गोष्ट मी यांना सांगितली. यांचे म्हणणे असे की मी उगाच मनाला लावून घेते. त्याने सांगायला हवे होते. त्याला व्यवहार कळत होता. मी म्हटले, कळत होता म्हणूनच तो आधी नाही म्हणाला होता. ‘इतक्या ढिगातून एका पोत्याने काय होतंय’ हे माझे वाक्य होते.

ते वाक्य तेव्हापासून माझ्या मागे लागले आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात मिलेटसच्या युबुलिडीझ नावाच्या तर्कपंडिताने एक कोडे घातले होते, असे सांगतात. वाळूचा ढीग आहे. एक कण काढला तर तो ढीग राहतो का? राहतो. आणखी एक काढला? तरी राहतो. एका कणाने ढिगाचा ढीगपणा जात नाही हे कबूल केले की शेवटी एकच कण उरला तरी त्याला ढीग म्हणावे लागते, किंवा मग मध्ये कुठेतरी एक असा कण दाखवावा लागतो ज्याच्या जाण्याने ढीग मोडला. तो कण कुणालाच दाखवता येत नाही. अडीच हजार वर्षे तर्कशास्त्रज्ञ या कोड्यावर डोके घासत आहेत. शब्दांच्या सीमा धूसर असतात, असे त्याचे एक उत्तर देतात. शब्दांपुरते ते मला पुरते. चंद्रभागेपुरते पुरत नाही.

कारण आमचे वाळवंट असेच गेले. मी लहान असताना गाढवांवरून वाळू जाई. दोन्ही बाजूंना दोन पिशव्या, गळ्यात घंटी. कुणाला त्याचे काही वाटत नसे. पुढे ट्रॅक्टर आले, मग मालमोटारी आणि रात्रीचे काम. एकदा आषाढीला माहेरी गेले तेव्हा पात्रात ठिकठिकाणी खड्डे होते. पाणी वरून सपाट दिसे, पण खाली दोन पुरुष खोल. अशा खड्ड्यांत वारकरी बुडाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. कमरेएवढ्या पाण्यात स्नानाला उतरलेला माणूस पुढचे पाऊल टाकतो आणि पाऊल टेकतच नाही. तो खड्डा कोणत्या गाढवाने केला, कोणत्या पोत्याने? प्रत्येकाचे उत्तर माझ्यासारखेच असणार, आणि प्रत्येकाचे खरेच असणार.

हे म्हणतात, नदी दर पावसाळ्यात नवी वाळू आणते. काढली नाही तर पात्र भरून पूर येईल. अभियंत्याचे हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण नदीने वाळू आणायची तर वाट मोकळी हवी. भीमेवर वर उजनीचे धरण आहे, 1980 सालापासून. इकडे दामोदरच्या खोऱ्यात 1957 साली मैथन झाले, 1959 साली पंचेत. धरणात पाण्याबरोबर वाळूही अडते. आपण वर आवक थांबवली आणि खाली उपसा वाढवला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2022 साली जो अहवाल काढला त्यात जगाचा वाळू, रेती आणि खडीचा वर्षाचा वापर 5 हजार कोटी टन सांगितला आहे. त्या आकड्यापुढे माझे अठरा किलो मला दिसतही नाहीत, आणि गंमत अशी की आकडा जितका मोठा सांगावा तितकी मला स्वतःची सुटका झाल्यासारखी वाटते. म्हणून मी असे आकडे वाचताना हल्ली सावध असते.

कायद्याने हे कोडे एकदा सोडवून पाहिले आहे. पूर्वी पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणपट्ट्यांना पर्यावरणाची परवानगी लागत नसे, म्हणून मोठ्या पट्ट्यांचे लहान लहान तुकडे पाडले जात. 2012 साली दीपक कुमार विरुद्ध हरयाणा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पट्टा लहान असला तरी परवानगी हवी. म्हणजे न्यायालयाने एका अर्थी युबुलिडीझला उत्तर दिले: एकेक कण वेगळा मोजू नका, ढीग पाहा. पाळले किती जाते हा निराळा विषय.

आणि मी राहते ते तरी कशावर? आमचे सॉल्ट लेक हे नाव उगाच नाही. इथे खारी तळी होती, मासे वाढवायच्या भेड्या होत्या. बिधानचंद्र रॉय यांच्या योजनेप्रमाणे 1962 पासून युगोस्लाव्हियाच्या कंपनीने हुगळीच्या तळातला गाळ आणि वाळू पाण्यात कालवून नळांतून इथवर आणली आणि तळी बुजवली. भेड्यांत मासे धरणारी माणसे उठली. राहिलेल्या पाणथळ जागेला, पूर्व कोलकात्याच्या 12,500 हेक्टरांना, 2002 साली रामसर यादीत स्थान मिळाले. शहराच्या सांडपाण्यावर तिथे आजही मासे वाढतात आणि आमच्या पानात येतात. म्हणजे या घरात आम्ही दोघे एका टाकीच्या तळावरच राहतो. कुणीतरी स्वस्त वाळू पसरून त्यावर आम्हाला लावले आहे. हे सांगितले तेव्हा हे म्हणाले, ‘मग झाडासारखी गप्प राहा ना.’

जपानी माती घेतली असती तर यातून सुटले असते का, याचाही मी विचार केला. तीही कुठून तरी खणलेली, भट्टीत भाजलेली, जहाजाने आलेली. तिची किंमत जास्त होती म्हणून ती कमी दोषी होती असे मला सिद्ध करता येत नाही. फरक एवढाच की तिथला खड्डा मला दिसला नसता आणि तिथल्या रखवालदाराचे दोनशे रुपये कापलेले मला कळले नसते. पैसे जास्त मोजले की न कळण्याची सोय होते. मला वाटते, महाग वस्तूंच्या किमतीत या सोयीचाही दर धरलेला असतो.

वाळूतून तेल निघेल पण मूर्खाचे मन वळणार नाही, असे भर्तृहरीने म्हटले आणि वामन पंडितांनी ते मराठीत आणले. आपण मराठी माणसांनी त्यातला मूर्ख सोडून दिला आणि फक्त तेल ठेवले. प्रयत्न केला की सगळे मिळते, असा अर्थ करून शाळेच्या भिंतींवर लिहिले. मला हल्ली तो वगळलेला भाग जास्त आठवतो. त्याचे कारण पुढे घडले ते.

दीड वर्षाने व्हॅलिसनेरिया फारच माजला. एका दुपारी मी मुळासकट उपटायला घेतला. इतक्या दिवसांत बारीक वाळू घट्ट बसली होती. तिच्याखालच्या मातीत हवा पोहोचत नव्हती. खालून काळा थर वर आला, बुडबुडे फुटले आणि सडक्या अंड्याचा वास घरभर पसरला. हायड्रोजन सल्फाइड. हे होऊ शकते, म्हणून वाळू अधूनमधून हलक्या हाताने टोचत राहावी, किंवा वाळू पोखरणाऱ्या गोगलगायी सोडाव्यात, हे मी वाचले होते. यांनीही एकदा सांगितले होते. मी ‘माहीत आहे’ म्हटले होते. निम्मे पाणी बदलले, पण रात्री उशिरा. सकाळी दोन गुंते मेलेले होते, वाळूच्या वर. जिवंतपणी ते वर कधी असे पडून राहिले नव्हते. हातात घेतले तेव्हा पाहिले की तोंडाशी असणाऱ्या मिशा झिजून खुंट झाल्या होत्या. बांधकामाच्या वाळूचे कण धारदार असतात. त्यात तोंड खुपसून खाणाऱ्या माशाच्या मिशा त्यांनी झिजतात, किंवा तळाच्या घाणीने सडतात. यातले काय झाले ते मला ठरवता आले नाही. दीड वर्ष मी त्यांचे फक्त डोळे पाहत होते.

वाळूला दोष देणे सोपे होते, आणि चारचौघांत मी दिलाही. स्वस्त ते स्वस्तच, असे सुनेला फोनवर म्हणाले. खरे म्हणजे स्वस्त वाळूने मला दगा दिला नव्हता. झाडे तिच्यात उत्तम वाढली. ती वाळू भिंतीसाठी होती, पोटावर सरपटणाऱ्या जिवासाठी नव्हती, आणि माझी निवड मी चाळीस रुपयांना केली तेव्हा त्या जिवाचा विचार हिशेबात नव्हता. रखवालदाराचाही नव्हता. मी दोघांना वाईट चिंतले होते असे मुळीच नाही. ते दोघे माझ्या हिशेबाच्या वहीतच नव्हते. निष्काळजीपणाला आपण वाईटपणापेक्षा हलकी शिक्षा देतो. मेलेला गुंता हातावर घेतल्यावर हा फरक कुणाच्या सोयीचा आहे ते मला समजेना.

टाकी मोडावी असे दोन दिवस मनात होते. मग उरलेल्या एका गुंत्याचे काय करायचे, हा प्रश्न आला. नदीत सोडणे शहाणपणाचे नाही. टाकीतले रोग नदीला देऊ नयेत. शेवटी ठरवले की तळ बदलायचा: बारीक, गोल कणांची गंगेची वाळू घ्यायची, थर दीड इंचाचा ठेवायचा, आणि या वेळी दुकानातून, पावतीने. पहिली वाळू परत त्या ढिगावर टाकण्याचा विचारही आला होता. पण इमारत पुरी झाली होती, ढीग भिंतींत गेला होता आणि रखवालदार दुसऱ्या कुठल्या ढिगावर गेला होता. ती वाळू मी कुंड्यांत मिसळली.

उल्टाडांगाच्या बाजूला बांधकामाच्या मालाचे दुकान आहे. दुकानदार तरुण, मोबाइलवरून डोके न काढता विचारता झाला, ‘कितना सीएफटी?’ वाळू घनफुटांत विकतात. मी म्हटले, एक बादली. तेव्हा त्याने वर पाहिले. मी विचारले, ही कोणत्या नदीची? तो म्हणाला, सादा बालि आहे, गंगेची. गंगेची कुठली? ‘कुठलीतरी, मासिमा. नावेने येते.’ मी पैसे आणि पावती म्हटले. त्याने पोराला हाक मारून बादली भरायला सांगितली आणि हाताने नको-नको केले.

‘एका बादलीचे काय पैसे घ्यायचे?’